वॉर्ड दोनमधलं जर्मन

दोर्साफ आमच्या वॉर्डात पहिल्या दिवशी आली तेव्हा तिनं पांढऱ्या कोटाची बटणंही अजून लावली नव्हती, आणि मला विचारलं, "मदाम, इथल्या कामाचा दाखला किती महिन्यांनी मिळतो?"

ट्यूनिसपासून लांब, डोंगरातल्या केफ शहराच्या नर्सिंग शाळेतली मुलं दर हिवाळ्यात आमच्या ऐन सफ्साफच्या लहानशा हॉस्पिटलात शिकायला येतात. वॉर्ड दोनची मुख्य नर्स म्हणून ती माझ्याच हाताखाली असतात. पहिल्या दिवशी सगळी बिचकलेली. कुणी विचारतं, रक्त बघून चक्कर आली तर काय करायचं. कुणी विचारतं, जेवणाची सुट्टी किती. दाखल्याचं विचारणारी ही पहिलीच. मी म्हटलं, "आधी बेडपॅन कुठं धुतात ते बघून ये." ती गेली, बघून आली, आणि दोन धुऊनही आली. मग पुढं रागवायला मला जागाच उरली नाही.

पुढच्या आठवडाभरात तिचा सगळा बेत मला कळला, कारण ती तो लपवत नव्हती. जूनमध्ये पदवी. त्याआधी जर्मन भाषेची मधली परीक्षा. मग एखाद्या खाजगी दवाखान्यात वर्षभर काम, तेवढ्यात भाषेची वरची परीक्षा, मग मुलाखत, कागदपत्रं, व्हिसा, आणि वयाची चोविशी गाठायच्या आत जर्मनी. सरकारी नोकरीची परीक्षाही ती देणार होती, पण ती आईच्या समाधानासाठी. मागच्या वर्षी आमच्या अख्ख्या भागाला अकरा जागा आल्या होत्या आणि अर्ज किती आले ते मोजायलाही कुणी बसलं नव्हतं.

तिचे वडील शाळेत शिपाई. आई घरी गालिचे विणायची. थोरला भाऊ वज्दी, व्यवस्थापनाची पदवी घेऊन चार वर्षं चौकातल्या कॅफेत बसलेला. बहीण जर्मनीला जाणार हे त्याला झोंबायचं. तो एकदा तिला सोडायला आला होता तेव्हा दारातच माझ्यासमोर म्हणाला, "परक्या म्हाताऱ्यांचे लंगोट बदलायला इतक्या लांब कशाला जायचं, मदाम? आमच्या गल्लीत काय म्हातारे कमी आहेत?"

दोर्साफ शांतपणे म्हणाली, "गल्लीतले म्हातारे मला महिन्याचा पगार देणार आहेत का? विचारून ये. तुझ्यासाठीही विचार."

वज्दी पाय आपटत निघून गेला.

खरं सांगायचं तर माझंही मन तिच्या बाजूनं नव्हतं. मी शिकवलेल्या पोरींपैकी किती परदेशी गेल्या हे मी मोजणं सोडून दिलं होतं. शीर शोधायला मी शिकवायची, चेहरा बघून ताप ओळखायला मी शिकवायची, आणि हात बसला की तो हात दुसऱ्यांच्या कामाला. दोर्साफनं ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर कापूस, कात्री, चिकटपट्टी यांची जर्मन नावं चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवली, तेव्हा मी त्या एकेक करून काढल्या आणि तिच्या हातात दिल्या. "हे हॉस्पिटल आहे, शिकवणीचा वर्ग नाही." तिनं मान हलवली. तेव्हापासून ती नावं ती ओठातल्या ओठात म्हणायची, कापूस काढताना, कात्री ठेवताना. ते मी कसं थांबवणार?

जानेवारीच्या शेवटी सी अम्मारना, म्हणजे आपल्या बोलीत अम्माररावांना, आणलं. वय एकोणसत्तर, अर्धांगाचा झटका, उजवी बाजू लुळी. गावातले सगळे त्यांना ओळखत. तरुणपणी ते जर्मनीला गेले होते. डुइसबुर्गमध्ये एका लोखंडाच्या ओतशाळेत जवळजवळ तीस वर्षं काढून परत आले. टेकडीवर दोन मजली घर बांधलं आणि त्यानंतर गप्प बसले. कॅफेत बसायचे, पण तिकडचं कधी बोलायचे नाहीत.

आता मात्र ते सारखे बोलत होते, आणि कुणाला काही कळत नव्हतं. घशातून येणारे जाडेभरडे आवाज, मध्येच ओरडणं, डाव्या हातानं पांघरूण फेकणं. झटक्यानं वाचा बिघडते, शब्दांचा काला होतो, हे आम्ही रोज बघतो. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, "अर्थहीन बडबड." तीन दिवस ते झोपले नाहीत आणि शेजारच्या खाटांनाही त्यांनी झोपू दिलं नाही. त्यांची बायको खमीसा घरून गरम चोर्बाचं, म्हणजे घट्ट सुपाचं, भांडं घेऊन यायची, चमचा तोंडाशी न्यायची, ते तोंड फिरवायचे.

चौथ्या दिवशी सकाळी दोर्साफ आणि मी त्यांची चादर बदलत होतो. ते नेहमीसारखं काहीतरी खेकसले. दोर्साफच्या हातातलं चादरीचं टोक तसंच राहिलं.

"मदाम, हे बडबडत नाहीयेत."

"मग?"

"खिडकी लाव म्हणतायत. वारा येतोय म्हणतायत. जर्मनमध्ये."

खिडकी खरंच बोटभर उघडी होती, आणि केफच्या डोंगरावरचं जानेवारीचं वारं थेट त्यांच्या मानेवर येत होतं. तीन दिवस तो माणूस एवढंच सांगत होता. मी जाऊन खिडकी लावली. दोर्साफ वाकून त्यांच्या कानाशी दोन-तीन शब्द बोलली, चाचरत, परीक्षेला बसल्यासारखी. सी अम्मारनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. मग काहीतरी म्हणाले आणि दहा मिनिटांत झोपले.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. माणसाला दोन भाषा येत असतील तर झटका एकीला जास्त मारतो, दुसरीला कमी. आईची भाषाच वाचेल असं काही नाही. आमची अरबी त्यांना थोडीफार समजत होती, पण तोंडातून यायचं ते जर्मनच.

त्या दिवसापासून दोर्साफ अर्धा तास आधी येऊ लागली. कोट घालायची, त्यांच्या खाटेशी जायची आणि बोलायची. रात्री झोप लागली का, दुखतंय का, पाणी हवंय का. ते तिच्या चुका सुधारायचे. एवढा आजारी माणूस, पण तिनं शब्द चुकवला की डावं बोट वर करायचे आणि तो शब्द पुन्हा म्हणायला लावायचे. ती म्हणायची. मी लांबून बघायची. चिठ्ठ्या काढल्याचं मला थोडं वाईट वाटू लागलं होतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

खमीसाला हे बघवत नव्हतं. ती साठीपुढची, काटक, कमी बोलणारी बाई. नवरा तिकडं असताना दोन मुलगे तिनं एकटीनं वाढवले, विहीर खणवून घेतली, घराचा दुसरा मजला स्वतः उभं राहून बांधून घेतला. एक दिवस तिनं दोर्साफला व्हरांड्यात गाठलं. मी औषधांच्या कपाटाशी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरी, खरं सांग. कुठल्या बाईचं नाव घेतो तो?"

"कुठल्याच नाही, खालती." आमच्याकडं मावशीला खालती म्हणतात.

"मी म्हातारी झाले, बहिरी नाही. दिवसातून वीसदा हाक मारतो. श्वेस्टर, श्वेस्टर. कोण ही श्वेस्टर?"

दोर्साफला हसू आवरेना. "खालती, ती मीच. तिकडं नर्सला श्वेस्टर म्हणतात. म्हणजे बहीण."

खमीसानं तिच्याकडं नीट बघून घेतलं. खोटं बोलत नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाली, "बहीण म्हणतात होय. बरं आहे." आणि मग जाता जाता, "चाळीस वर्षं घरात तोंड उघडलं नाही. आता उघडलं तर मला कळू नये अशा भाषेत."

फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी सी अम्मार फार अस्वस्थ होते. दोर्साफला त्यांनी ओळखलं नाही. तिला ते कचेरीतलं कुणीतरी समजत होते. पुन्हा पुन्हा तेच सांगत होते: चार दिवस, फक्त चार दिवस. आणि एक लांबलचक शब्द, जो दोर्साफला माहीत नव्हता. तिनं तो जसा ऐकू आला तसा हातावर पेनानं लिहून घेतला आणि दुपारी तिच्या शिक्षिकेला फोन करून विचारला. मग माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

त्या शब्दाचा अर्थ होता दफनविधी.

हळूहळू, त्या आठवड्यात, तिनं सगळं जुळवलं. मधले दुवे मला माहीत होते, कारण मी याच गावची. खमीसाचं पहिलं मूल, मुलगी, ज़ीना. पावणेदोन वर्षांची असताना हिवाळ्यात गोवरानं गेली. मी तेव्हा शाळेत होते, पण मला आठवतं, अम्मारला तार केली होती आणि तो आला नव्हता. ऑगस्टमध्ये आला, दरवर्षीसारखा, बॅगा घेऊन. गावात तेव्हा बायका बोलल्या, मग बोलायच्या थांबल्या. खमीसानं त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

आता तो सांगत होता. तार आली त्या दिवशी तो मुकादमाकडं गेला. मुकादम म्हणाला, कामाची घाई आहे, भट्टी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी कचेरीच्या दाराशी भट्टीच्याच कपड्यांत उभा राहिला, पाळी संपेपर्यंत. आतून निरोप आला की जायचं तर जा, पण परत आलास तर जागा नसेल. मग तो भट्टीकडं परत गेला.

"मदाम, हे खालती खमीसाला सांगू का?" दोर्साफनं विचारलं.

मी लगेच नाही म्हटलं. आजारी माणूस वॉर्डात जे बोलतो ते वॉर्डातच राहतं, हे मी तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ती म्हणाली, "पण हे तिचंच आहे. तिची मुलगी, तिचा नवरा. आपल्याकडं चुकून आलंय." मी औषधांची वही मिटली. मग म्हटलं, "सांग. पण माझ्यासमोर. आणि आपल्या पदरचा एक शब्द घालू नकोस. जिथं कळलं नाही तिथं कळलं नाही म्हण."

मी चहा ठेवला. खमीसा खुर्चीच्या कडेवर बसली, तिला वाटलं तब्येतीचं काहीतरी वाईट सांगणार. दोर्साफनं सांगितलं. घाईघाईनं नाही, आणि रडतही नाही. दोन ठिकाणी ती म्हणाली, "इथं ते काय म्हणाले ते मला नीट कळलं नाही." खमीसा कप हातात धरून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना.

संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "किती वेळा मागितली सुट्टी?"

"तीनदा, खालती."

"उभा राहिला म्हणालीस. किती वेळ?"

"पूर्ण पाळी."

खमीसा उठली. कप मेजावर नीट ठेवला, पदरासारखा खांद्यावरचा शेला सावरला आणि वॉर्डात गेली. आम्ही मागून गेलो. नवऱ्याच्या उशाशी उभी राहून तिनं उशी झटकली, उलटी केली, पुन्हा ठेवली. मग म्हणाली, "सांगायचं होतंस, अम्मार. एवढंच सांगायचं होतंस मला." सी अम्मार तिच्याकडं बघत राहिले. काहीतरी बोलले, जर्मनमध्ये. दोर्साफ भाषांतर करायला पुढं झाली, पण खमीसानं हातानंच तिला थांबवलं. त्या दुपारी त्यांनी तिच्या हातून चोर्बा घेतला. सगळा नाही, अर्धा.

आठवडाभरानं खमीसा मुद्दाम दोर्साफला शोधत आली. "तू जाणार आहेस म्हणे तिकडं."

"हो, खालती."

"जा. मी अडवणारी कोण. पण सुट्टीचं लिहून घे. घरात कुणी गेलं, कुणी जन्मलं, तर किती दिवस सोडतील. तोंडी नको. कागदावर."

मार्चमध्ये दोर्साफनं भाषेची मधली परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत परीक्षकबाई हसायला लागल्या. सी अम्मारचं जर्मन हे पुस्तकातलं नव्हतं, ओतशाळेतलं होतं. 'ते'साठी 'दास' म्हणायचं तिथं 'दाट', 'काय'साठी 'वास' म्हणायचं तिथं 'वाट', आणि काही शब्द असे की चांगल्या घरात उच्चारू नयेत. दोर्साफला ते कुठं माहीत. बाईंनी विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, "वॉर्ड दोनमध्ये." लेखीत ती जेमतेम पास झाली आणि बोलण्यात वर्गात पहिली आली.

जूनमध्ये पदवी मिळाली आणि ट्यूनिसच्या एका एजन्सीनं तिची आणि तिची मैत्रीण नौरस हिची मुलाखत ठरवली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका वृद्धाश्रमाच्या बाई होत्या. एजन्सीचा माणूस शेजारी बसला होता. चार वर्षं नोकरी सोडायची नाही अशा करारावर सही करायची होती. नौरसनं केली. दोर्साफची पाळी आली, सगळं ठीक चाललं होतं, आणि शेवटी बाईंनी रिवाजाप्रमाणं विचारलं, तुला काही विचारायचंय का? दोर्साफ म्हणाली, हो. माझ्या घरात कुणाचा मृत्यू झाला तर मला किती दिवस सोडाल, आणि ते या कागदावर कुठं लिहिलंय?

बाई म्हणाल्या, ते तेव्हाचं तेव्हा बघू. दोर्साफ म्हणाली, मला आत्ता लिहून हवंय.

पडदा बंद झाल्यावर एजन्सीचा माणूस तिच्यावर घसरला. "तुला काय वाटतं, ते तुझी वाट बघत बसलेत? तुझ्यासारख्या शंभर बाहेर रांगेत उभ्या आहेत. अजून गेली नाहीस आणि सुट्टी मागतेस?" तिचं नाव यादीतून गेलं. सप्टेंबरात नौरस गेली. विमानतळावरचा तिचा फोटो सगळ्यांच्या फोनवर आला. वज्दी जेवताना रोज त्याचा विषय काढायचा. दोर्साफच्या आईनं शेजारणींकडं जाणं बंद केलं.

दोर्साफ मला भेटायला आली आणि चादरींच्या खोलीत बसून रडली. चुकलं का माझं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "चेहरा धू आणि मला या चादरी मोजून दे." तिनं मोजल्या. एकशे बारा, आणि सात फाटक्या.

सरकारी परीक्षा तिनं दिली, झाली नाही. मग बेजा शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात लागली. सकाळच्या लुआजमध्ये, म्हणजे वाटून घ्यायच्या टॅक्सीत, चार अनोळखी माणसांच्या मध्ये चेपून बसायचं, सव्वा तास जायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं. चौदा महिने तिनं हे केलं. शस्त्रक्रियेनंतरची माणसं सांभाळली, पहिल्यांदा एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत दगावला, दोन दिवस ती जेवली नाही, तिसऱ्या दिवशी कामावर गेली. हे सगळं ती मला सांगायला यायची आणि मी ऐकायची. आता मी तिच्यावर ओरडत नसे. ती आता विद्यार्थिनी राहिली नव्हती.

शुक्रवारी दुपारी मात्र ती टेकडीवरच्या घरी जायची. सी अम्मारना पाच आठवड्यांनी घरी सोडलं होतं. थोडी अरबी परत आली होती: पाणी, भाकर, बस, ये. बाकी जर्मनच. खमीसा कुसकुस वाढायची आणि त्या दोघांचं बोलणं ऐकत बसायची. हळूहळू तिलाही शब्द कळायला लागले. एकदा दोर्साफनं भाषांतर करायच्या आधीच ती म्हणाली, "मीठ मागतोय. दुसरं काय मागणार, आयुष्यभर मीठच मागितलंय." पुढच्या वसंतात ते गेले, स्वतःच्या अंथरुणात, मुलगे आणि बायको जवळ असताना. दोर्साफनं त्या दिवशी दवाखान्यातून रजा मागितली. मालकांनी कुरकुरत अर्धा दिवस दिली.

भाषेची वरची परीक्षा तिनं दुसऱ्या खेपेला पार केली. आणि मग ती माझ्याकडं शिफारसपत्र मागायला आली. या वेळी एजन्सी नको म्हणाली, स्वतःच लिहायचं ठरवलं होतं, लहान लहान गावांतल्या हॉस्पिटलांना.

मी पत्र लगेच लिहिलं नाही. त्या आठवड्यात माझ्या वॉर्डातली एक नर्स बाळंतपणाला गेली होती, एकीची बदली झाली होती, आणि अठ्ठावीस खाटांना आम्ही दोघी उरलो होतो. मी चिडलेली होते. मी म्हटलं, "मी आयुष्यभर काय केलं सांगू? दुसऱ्यांच्या हॉस्पिटलांसाठी नर्सा घडवल्या. तुम्ही सगळ्या जा. इथं आजारी पडणाऱ्यांनी काय करायचं?"

ती उभीच होती. म्हणाली, "मदाम, इथं जागा द्या. वॉर्ड दोनमध्ये, तुमच्या हाताखाली. आत्ता द्या. मी कागद फाडते आणि कोट घालते."

माझ्याकडं जागा नव्हती. जागा देणं माझ्या हातात नव्हतं, कधीच नव्हतं. दोन नर्सांचं काम एकीनं करत असताना बाहेर शिकलेल्या पोरी बेकार बसलेल्या, हे मी वर्षानुवर्षं बघत होते, आणि राग मात्र पोरींवर काढत होते. मी खुर्ची पुढं ओढली आणि पत्र लिहायला बसले. दीड पान लिहिलं. तीन दिवस बडबड समजली गेलेली भाषा हिनं ओळखली, हे त्यात लिहिलं. आजाऱ्याच्या बोलण्यात स्वतःचा एक शब्दही न घालता ते पोहोचवणं हिला जमतं, हेही लिहिलं. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.

अकरा हॉस्पिटलांना तिनं लिहिलं. नऊंनी उत्तर दिलं नाही, एकानं नाही म्हटलं, एकानं मुलाखतीला बोलावलं. पडद्यावर माझ्याच वयाची एक मुख्य नर्स होती. शेवटी तिनंही विचारलं, तुला काही विचारायचंय का? दोर्साफ सांगते की त्या क्षणी तिला 'नाही' म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. नौरस दीड वर्षापासून तिकडं होती, वज्दीसुद्धा म्हणाला होता की या वेळी तोंड सांभाळ. तरी तिनं विचारलं.

त्या बाईंनी समोरचे कागद चाळले. मग म्हणाल्या, आमच्या नियमात दोन दिवस आहेत. तुमच्या देशात जाऊन यायला ते पुरणार नाहीत, हे मला दिसतंय. वार्षिक रजेतून पुढचे दिवस जोडून देता येतील, आणि तसं मी पत्रात लिहीन. त्यांनी लिहिलं.

खमीसाला दोर्साफनं तो कागद दाखवला. खमीसाला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो हातात घेऊन वरखाली नीट पाहिला. "दोन दिवस म्हणजे काहीच नाही," ती म्हणाली.

"पण लिहिलेले आहेत, खालती. आणि बाकीचेही लिहिलेले आहेत."

"सही कुठंय?"

दोर्साफनं बोट ठेवून सही दाखवली. तेव्हा कुठं तिनं कागद परत दिला.

ऑक्टोबरात ती गेली, पंचविशी पूर्ण व्हायला दोन महिने असताना. बेतापेक्षा वर्षभर उशिरा. वडील आणि वज्दी तिला ट्यूनिसपर्यंत सोडायला गेले. वज्दीनं जड बॅग सुरक्षेच्या दारापर्यंत उचलली आणि तिथं म्हणाला, "म्हाताऱ्यांना माझा सलाम सांग." ती म्हणते, त्याचा आवाज फाटला होता. तो म्हणतो, सर्दी झाली होती.

पहिलं वर्ष तिचं वाईट गेलं. आमची पदवी तिकडं मान्य व्हायला वेळ लागतो, तोवर मदतनीस म्हणून राहायचं. जिनं बेजात एकटीनं वॉर्ड सांभाळला तिला कालची आलेली पोरगी अंग कसं पुसायचं ते शिकवायची. ती फोनवर सांगायची, मदाम, आज मला सुई टोचू दिली नाही. मदाम, आज एका आजोबांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आणि मग एकदा, मदाम, त्याच आजोबांनी आज विचारलं, काल का नाही आलीस. अकराव्या महिन्यात तिचे कागद झाले. आता ती झटका आलेल्या माणसांच्या वॉर्डात आहे. तो तिनं स्वतः मागून घेतला.

नौरसनं चार वर्षं पुरी केली आणि ती शहरात गेली. तिचंही बरं चाललंय. तिनं सही केली म्हणून ती चुकली असं मी म्हणणार नाही. वज्दी बहिणीमागून जर्मनीला गेला नाही. त्यानं कॅफेसमोरच फोन दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि आता तो बहिणीबद्दल गिऱ्हाइकांना अशा गोष्टी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं ते हॉस्पिटल तीच चालवते.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. वॉर्ड दोनला माझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. कधीकधी ते मला बोलावतात आणि मी जाते.

दोर्साफ दर रविवारी आईला फोन करते आणि महिन्यातून एकदा मला. मागच्या वेळी मी तिला विचारलं, सुखी आहेस ना? ती जरा विचार करून म्हणाली की सकाळी साडेपाचला अंधारात बसथांब्यावर उभी असते तेव्हा विचारलंत तर नाही म्हणेन. दुपारी एखादा माणूस महिन्यानं पहिला शब्द बोलतो तेव्हा विचारलंत तर हो म्हणेन. अतिदक्षता विभागाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा तिच्या मनात आहे. परत कधी येणार, असं तिची आई दर रविवारी विचारते आणि ती बघू म्हणते. मी विचारत नाही. मी तिला विचारते की तिकडं घोट गिळता न येणाऱ्याला पाणी कसं पाजतात, आणि ती मला नीट समजावून सांगते, आणि मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन नव्या पोरींना ते करून दाखवते.